अकरा वर्षं पडदा

गुरुवारी सकाळी मार्लिसच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी,
आणि टेबलाच्या चौथ्या बाजूला
तिच्या नवऱ्याने मे महिन्यात आणलेली फरश्यांची खोकी.
"जानेवारीत बसवतो म्हणालाय."
"कुठल्या?" लवॉनने विचारलं,
आणि माझी कॉफी नाकात गेली.

बाहेर सरोवर कडेकडेने गोठत चाललंय.
डुलुथच्या बंदरातून खनिजाचं एक जहाज
भोंगा देऊन निघून गेलं, कुणी मान वळवली नाही.
मार्लिस उकडलेले बटाटे कुस्करतेय,
मी लाटतेय, लवॉन तव्याशी.
लांब लाकडी पट्टीने ती लेफ्सा उचलते,
झोपलेल्या बाळावरून पांघरूण काढावं तशी.
फाटली तर लाटणारीने खायची, हा आमचा नियम.
म्हणून मी अधूनमधून फाडते.

बोलणं नेहमीचंच.
मार्लिसच्या सुनेने कळवलंय, नाताळात हॅम नको,
लोणी नको, अंडं तर नकोच नको.
"मग येतेस कशाला, असं नाही हो विचारलं मी.
मसूर किती वेळ भिजवू, एवढंच विचारलं."
माझा धाकटा गॅरेजमध्ये हीटर बसवतोय.
आता टर्की ठेवू कुठे?
डिसेंबरात आमचा खरा फ्रीज म्हणजे ते गॅरेज.

मग लवॉन तव्यावरची नजर न काढता म्हणाली,
"व्हर्नने दार बसवलं."

लाटणं थांबलं.
कोणतं दार, हे विचारायची गरज नव्हती.
अकरा वर्षं त्यांच्या न्हाणीघराला नुसता पडदा,
बदकांचा. बदकं आधी पिवळी होती,
मग धुऊन धुऊन कुठल्याच रंगाची नाहीत.
आत गेलं की आवाज करायचा, हा त्या घराचा कायदा.
पोरगा शिट्टी वाजवायचा.
व्हर्न फक्त खाकरायचा.
सासू, इंगा, चर्चमधली गाणी म्हणायची, सगळी कडवी,
म्हणजे रांगेतल्याला कळायचं, अजून दोन बाकी आहेत.
एका नाताळात मी आत अडकले,
गाणं म्हणून एक आठवेना,
तेव्हा बाराचा पाढा म्हटला मोठ्याने,
आणि सातावर चुकले तर बाहेरून इंगा ओरडली,
"चौऱ्याऐंशी गं, चौऱ्याऐंशी!"
तिला जाऊन दोन वर्षं होतील फेब्रुवारीत.

"चांगलं झालंय का दार?"
"ओकचं आहे. पितळेची कडी.
बिजागरीसुद्धा कुरकुरत नाही मेली."
"मग झालं तर."
"हो, झालंच. चौदा माणसं येणार,
पडद्यामागे पाहुण्यांना गायला लावायचं का, म्हणाला."
तिने पट्टी तव्याच्या कडेने फिरवली, उगीचच.
"पण आता घरात कोण कुठे आहे ते कळत नाही.
सगळं कसं बंद."

मार्लिसने काहीतरी बोलायला तोंड उघडलं,
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"काल रात्री दोनला उठले.
आत गेले, कडी लावली, आणि सवयीने सुरू झाले.
इंगाचंच गाणं.
तिसऱ्या कडव्याला लक्षात आलं,
अगं, दार आहे, गातेस कुणासाठी?
पण अर्ध्यावर कसं सोडायचं. संपवलं."

"आणि?"

"आणि बाहेरून व्हर्न खाकरला."

तवा धुरकटला.
लेफ्साच्या मधोमध ताटलीएवढा काळा डाग.
ही कुणी खायची, याचा नियम आमच्याकडे नव्हता.
मार्लिसने तिचे तीन तुकडे केले,
लोणी लावलं, वर साखर भुरभुरली,
आणि फरश्यांचं एक खोकं पायाने सरकवून
लवॉनसाठी खुर्ची ओढली.

"पडद्याचं काय केलंस?" मी विचारलं.

"धुतलाय," लवॉन म्हणाली, तोंडात घास.
"वाळत घातलाय. बघू."